बोरखेडीचं बोलावणं

रविवारची उपासना आटोपून सुगंधा जेसल पार्कच्या हॉलवरून घरी आली, पदर खोचून तिने कुकर लावला, आणि तेवढ्यात बोरखेडीहून महिपतनानांचा फोन आला. नाना तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, नेवाशाकडच्या त्या लहानशा गावातल्या चर्चचे सगळ्यांत जुने पंच. एरवी त्यांचा फोन यायचा तो नाताळला, नाहीतर कोणी गेलं की. म्हणून तिने जरा धसकूनच उचलला. नाना म्हणाले, सगळं खुशाल आहे. मग म्हणाले, “तुझ्याकडं काम न्हाई गं. जावयबापूंकडं हाय. त्यांना दे.”

तिने फोन रोशनला दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रोशन आधी “हो नाना, हो नाना” करत होता, मग खुर्चीतून उठून खिडकीशी गेला. “मी कुठला एवढा मोठा,” असं तो दोनदा म्हणाला. फोन ठेवून वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हतं असं काहीतरी होतं.

“सुगंधा, तुझ्या गावाने मला बोलावलंय,” तो म्हणाला.

बोरखेडीच्या चर्चचे धर्मगुरू, तिथले पाळक, वय झालं म्हणून पुण्याला मुलाकडे गेले होते, त्याला बराच काळ लोटला होता. चर्चला येणारी मंडळी लहान, थोडी घरं, दगडी चर्च आणि मागे दोन खोल्या. तिथे यायला कोणी शिकलेला माणूस तयार होत नव्हता. कोणीतरी रोशनने उपासनेत दिलेल्या संदेशाचा, म्हणजे प्रवचनाचा, व्हिडिओ गावाकडे पाठवला, तो नानांनी पाहिला, पंचांना दाखवला आणि ठरवलं की पाळक म्हणून यालाच बोलवायचं. आधी एकदा येऊन मंडळीसमोर बोलावं, मग कायमचं ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सुगंधा म्हणाली, “चांगलं झालं.” आणि कुकरकडे वळली. पोटात वरच्या बाजूला कळ आली होती. ती कळ तिच्या ओळखीची होती.

त्या चर्चची झाडलोट, घंटा आणि दिवाबत्ती तिचे वडील दत्ताराम करायचे. दर शनिवारी ती त्यांच्याबरोबर जायची. ते बाक पुसत असताना ही पुढच्या व्यासपीठावर चढून उभी राहायची आणि रिकाम्या बाकांना संदेश द्यायची. पाळकसाहेबांसारखा आवाज काढून, मधे त्यांच्यासारखं खाकरून. एकदा महिपतनानांनी खिडकीतून पाहिलं आणि गावभर केलं. तेव्हापासून गाव तिला पाळकीणबाई म्हणून चिडवायचं. तिला राग आल्यासारखं दाखवावं लागायचं, पण मनातून ते नाव तिला फार आवडायचं. दहावी झाल्यावर धीर करून ती पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, मला धर्मशिक्षण घ्यायचंय, तुमच्यासारखं व्हायचंय. ते हसले. वाईट नाही हसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मुलींनी हातांनी सेवा करावी असं सांगितलं आणि ओळख काढून तिला नर्सिंगला घातलं. नर्सिंगमध्ये ती चांगली निघाली. मुंबईत नोकरी लागली, रोशनचं स्थळ आलं, आणि भायखळ्याची त्यांची खोली अपुरी पडायला लागली तेव्हा दोघं भाईंदर पूर्वेला राहायला आली.

रोशन स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस सरळ, आवाज भरदार, दारू-सिगारेट नाही, बायकोवर कधी हात सोडा, आवाजही चढवला नाही. मिनल झाल्यावर त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने पाळकपणाचा संध्याकाळचा कोर्स केला. त्याचा वर्ग सांभाळून सुगंधाने ड्युट्या बदलून घेतल्या. अभ्यास घरी यायचा. तो बोलायचा, ती लिहायची. हळूहळू असं झालं की तो नुसता विषय सांगायचा आणि ती लिहायची. पदवीच्या समारंभात त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन उलटी केली. रोशन घाबरला. ॲसिडिटी आहे, ती म्हणाली. तेव्हापासून त्या दुखण्याचं घरात तेच नाव पडलं.

जेसल पार्कच्या मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी उपासना व्हायची आणि बहुतेक वेळा रोशनच बोलायचा. सुगंधा महिला मंडळ बघायची, चहाचे थर्मास भरायची. महिला मंडळात ती उभी राहून बोलली की त्याला ‘अनुभव सांगणं’ म्हणायचे. रोशन बोलला की तो ‘संदेश’ असायचा. हा फरक तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आला असेल असं तिला वाटत नव्हतं.

फोननंतरच्या दिवसांत घरात दुसरा विषय नव्हता. मिनलची बारावी झाली होती. ती म्हणाली, मी नगरला होस्टेलवर राहीन, मला चालेल, उलट इथल्या गर्दीतून सुटेन. कारखान्यातून रोशनला मोकळं व्हायला अडचण नव्हती. फ्लॅट भाड्याने देता आला असता. नर्सला कुठेही काम मिळतं. एकेक अडचण समोर यायची आणि आपोआप बाजूला व्हायची. रोशनला यात प्रभूचा हात दिसायचा. तो रोज विचारायचा, “तू काय म्हणतेस? तुझं माहेर आहे.” ती म्हणायची, प्रार्थना करूया.

बिल्डिंगमधल्या बायका, मंडळीतल्या बायका, सगळ्या एकच म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवऱ्याबरोबर माहेरी चाललीस. सुगंधा काम करत होती त्या नर्सिंग होममधल्या हंसाने मात्र वेगळं विचारलं. हंसा जवळच्या मोरवा गावची, नर्सिंग होममध्ये आया होती. दुपारी डबा खाताना तिने सुगंधाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “ताई, तुमाला जावाचा हाय का न्हाय?”

“जायचंय,” सुगंधा म्हणाली. “खूप जायचंय.”

“मंग तोंड असा का?”

सुगंधाने डब्याचं झाकण लावलं. खरं उत्तर तिला माहीत होतं. ज्या ठिकाणी उभं राहायची स्वप्नं तिने पाहिली, तिथे आता रोशन उभा राहणार होता. गावाने शेवटी पाळक मागवला तो तिच्याच घरातून, आणि तरी तिला नाही. शेजारणीला साडी घेतली म्हणून पोटात दुखलं तर माणूस कोणाला सांगू तरी शकतं. स्वतःच्या नवऱ्याचा हेवा वाटतो हे कोणाला सांगायचं?

मे महिन्यात ते तिघं बोरखेडीला गेले. चर्च भरलं होतं. सुगंधा बायकांच्या बाजूला बसली, ओळखीच्या हातांनी तिचा हात धरला, कोणी कानात वडिलांची आठवण काढली. रोशन पुढे उभा राहिला. पांढरा शर्ट त्याला शोभत होता. पहिली प्रार्थना झाली आणि त्याने बोलायला सुरुवात केली ती मिठागरापासून.

भाईंदरला खाडीच्या कडेने मिठागरं आहेत, तो म्हणाला. तिथला माणूस मीठ करत नाही. तो भरतीचं पाणी आत घेतो, दार लावतो, बांध राखतो आणि थांबतो. घाई करून पाणी ढवळलं तर मीठ धरत नाही. आपण मंडळीत काय करतो? आपण ढवळत बसतो.

सुगंधाची कानशिलं तापली. मोरव्याच्या एका म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करायला ती कितीतरी दिवस जात होती. तो पूर्वी मिठागरावर होता. “मानूस मीठ करत न्हाय, मानूस बांध राखतं,” हे तो म्हणाला होता. येताना ती बांधावर थांबून बघत राहिली होती. ढवळणं आणि मंडळी हा धागा तिचा होता. घरी येऊन पोळ्या लाटताना तिने तो रोशनला सांगितला होता, आणि सांगताना मनाशी म्हटलं होतं, कधी संधी मिळाली तर हे मी बोलेन.

बोरखेडीच्या लोकांनी मिठागर कधी पाहिलं नव्हतं. सगळे तोंडाकडे बघत राहिले. मागच्या बाकावरचा एक म्हातारा मान डोलवत होता. उपासनेनंतर चर्चच्या आवारात रोशनभोवती घोळका झाला आणि सुगंधा आपोआप चुलीकडे गेली, कारण पाहुणी असली तरी ती गावची लेक होती आणि चहाला हात कमी पडत होते. महिपतनाना कप घ्यायला आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते म्हणाले, “पोरी, जावई मिळवला तर असा. मिठाचं काय सांगितलं गं त्यांनी. असं कोणाला सुचतं का?”

तिने त्यांना चहा दिला. साखर जास्त आहे का कमी, एवढंच विचारलं.

परतीच्या प्रवासात रोशन खूश होता आणि खूश माणसासारखा खूप बोलत होता. मिठाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. ती वाट बघत राहिली. कल्याण गेलं, ठाणं आलं, आणि तिने वाट बघणं सोडलं.

पुढच्या आठवड्यात नानांनी फोन केला तो सुगंधाला. रोशनचा फोन कारखान्यात लॉकरमध्ये असायचा, ते त्यांना ठाऊक होतं. नाना म्हणाले, पंचांचं एकमत आहे, जावयबापूंचा होकार कळला की पुढचं बघू. सुगंधा नर्सिंग होमच्या जिन्यात उभी होती. वरून कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती म्हणाली, “नाना, त्यांचं मन नाही. माझ्याकडून कळवायला सांगितलंय. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा.”

नाना म्हणाले, बरं, त्यांना आमचा सलाम सांग.

फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा हलकं वाटलं. पोटातली कळ थांबली. त्या दिवशी तिने येताना जिलेबी आणली. मिनलने विचारलं, आज काय विशेष, तर ती म्हणाली, सहज.

रोशन बोलावण्याची वाट बघत राहिला. आधी म्हणाला, गावाकडची माणसं, सावकाश कळवतील. मग म्हणाला, मी जरा जास्त शहरी बोललो का? मग त्याला वाटायला लागलं की ‘आपण ढवळत बसतो’ हे पंचांना लागलं असणार. आपण होऊन नानांना फोन करावा, तर तो संकोची माणूस; पाळकपण मागून घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. तो बारीक होत चालला. जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. जूनमधल्या एका रविवारी तो जेसल पार्कच्या हॉलमध्ये उभा राहिला आणि मध्येच त्याचं वाक्य तुटलं. पुढचं आठवेना. त्याने प्रार्थना करून संपवलं. लोकांना वाटलं तब्येत बरी नाही. सुगंधा थर्मासजवळ उभी होती. हेच तिला इतकी वर्षं हवं होतं की काय, असं तिच्या मनात आलं; पण कळ परत आली होती, आणि या वेळी ती हेव्याची नव्हती.

तरीही ती बोलली नाही. नानांचा पुन्हा फोन आला नसता तर कदाचित कधीच बोलली नसती. मीरा रोडला त्यांच्या मेहुण्याच्या घरी लग्न होतं. उद्या सकाळी तुमच्याकडे येऊन जातो, नाना म्हणाले, जावयबापूंना भेटतो, रुसलो नाही म्हणून सांगतो.

संध्याकाळी रोशन कारखान्यातून आला तेव्हा ती चपला घालून तयार होती. खाडीवर जाऊन येऊ, म्हणाली. जेसल पार्कच्या चौपाटीवर मुलं सायकली फिरवत होती, कणीसवाला निखाऱ्यावर वारा घालत होता. दोघं कठड्याशी उभी राहिली. गावच्या माणसांसमोर ती रोशनला अहो-जाहो करायची, पण एकटी असताना तूच म्हणायची.

“तुला बोरखेडीने नाकारलं नाही,” ती म्हणाली. “त्यांनी होकार मागितला होता. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. तुझ्या नावाने.”

रोशनने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने एवढंच विचारलं, “का?”

“मला सहन होत नाही. तू तिथे उभा राहतोस ते. इथे इतकी वर्षं गिळलं. तिथे नाही गिळता आलं. ती जागा मला हवी होती रोशन. तू यायच्या आधीपासून.” ती कठड्यापासून त्याच्याकडे वळली. “आणि वर मीठ माझं होतं.”

“माहीत आहे मला,” रोशन म्हणाला.

“माहीत आहे?”

“तुझंच होतं. मला वाटलं, घरातलंच तर आहे.”

“घरातलं म्हणजे कोणाचं?”

तो कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, मी किती दिवस झोपलो नाही तुला दिसत होतं. ती म्हणाली, दिसत होतं. तो म्हणाला, मला चार पावलं एकट्याला चालू दे. तो पुढे गेला आणि ती जागीच उभी राहिली. अंधार पडायच्या आत तो परत आला, तेव्हा तिने सकाळी नाना येणार असल्याचं सांगितलं, आणि दोघं घरी गेली.

सकाळी नाना आले. मिनलने पोहे दिले. नानांनी विषय काढायच्या आत रोशनच बोलला आणि सुगंधाचं खोटं त्याने झाकलं. आमचं आमच्यात नीट ठरलं नव्हतं, म्हणून चुकीचा निरोप गेला, म्हणाला. आणि मग म्हणाला, “नाना, मी येईन. पण महिन्यातले दोन रविवार सुगंधा बोलेल. मंजूर असेल तर.”

हे त्यांच्यात ठरलेलं नव्हतं. सुगंधाने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता, रात्रभर विचार करून बोलत होता, आणि तिला दिसत होतं की त्याला हे सोपं गेलेलं नाही. कोणालाही वाटलं असतं की हिच्या डोळ्यांत आता पाणी येईल. पण तिच्या पोटात परत तीच कळ आली. तिची जागासुद्धा तिला त्याच्या तोंडून मिळत होती.

नाना चपापले होते. गावात बाई पुढे उभी राहिलेली नाही, ते म्हणत होते, पंचांना विचारावं लागेल, पण जावयबापूंचा शब्द असेल तर आम्ही मोडणार नाही.

“त्यांचा शब्द राहू द्या नाना,” सुगंधा म्हणाली. “निरोप चुकून गेला नाही. मी खोटं सांगितलं. मला जळफळाट झाला म्हणून सांगितलं. त्यांना पाळक म्हणून घ्यायचं की नाही ते तुम्ही त्यांचं त्यांचं ठरवा. मला बोलायचंय, ते मी वेगळं विचारते. माझ्यासाठी.”

मिनल पोह्यांची बशी हातात धरून उभीच राहिली. नानांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. सुगंधाला वाटलं आता ते उठून जातील. ते म्हणाले, “तू ल्हानपनी बाकांपुढं उभी राह्यची. मी हसलो होतो.”

“सगळं गाव हसलं होतं.”

“जावयबापूंना आधी एकदा बोलून दाखवा म्हनलं होतं. तुलाबी तेच. ये, बोल. मंडळीला पटलं तर पुढचं. न्हाई पटलं तर मी काही करू शकनार न्हाई.”

जुलैत ती एकटी गेली. रोशनने येऊ का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली. तिने मिठाचा विषय घेतला नाही; तो आता वापरलेला होता. तिने वडिलांबद्दल सांगितलं, घंटा वाजवणारा माणूस स्वतः कधी वेळेवर आत येऊन बसू शकत नाही त्याबद्दल. सुरुवातीला तिचा आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी मोठ्याने बोलायला सांगितलं. दोन म्हातारे पुरुष उठून बाहेर गेले आणि उपासना संपेपर्यंत लिंबाखाली बसून राहिले. बोलणं मध्ये एकदा भरकटलं. पण शेवटाकडे तिला स्वतःचा आवाज सापडला, आणि बायकांच्या बाजूला कोणी हलत नव्हतं. उपासनेनंतर तिच्याभोवती घोळका वगैरे काही झाला नाही. एक म्हातारी आली आणि दत्तारामचं बरोबर सांगितलंस म्हणाली.

पंचांची बैठक लांबली. शेवटी असं ठरलं की पाळक रोशनच, कारण पदवी त्याची. सुगंधाने महिन्यातून एक रविवार बोलावं, पुढे बघू. दोन नाही, एकच. रोशन नाराज झाला. सुगंधा म्हणाली, हा माझा आहे, राहू दे.

दिवाळीनंतर त्यांनी भाईंदर सोडलं. हंसा टेम्पोजवळ आली होती. तिने विचारलं, आता तोंड बरा हाय का, आणि स्वतःच हसली. मिनल कॉलेज सुरू झालं तेव्हाच नगरला होस्टेलवर गेली होती, आणि ती दोघं चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला लागली.

सुगंधाचा हेवा गेला असं कोणी म्हणेल तर ते खोटं. रोशनचे तीन रविवार असतात आणि तो चांगला बोलतो. त्यातल्या एखाद्या रविवारी तिचं पोट अजून दुखतं. फरक एवढाच की आता ती त्याला ॲसिडिटी म्हणत नाही. जेवताना सरळ सांगते, आज मला त्रास झाला. तो ऐकतो. घरातलं काही संदेशात घ्यायचं असेल तर आता तो आधी विचारतो, आणि कधी कधी ती नाही म्हणते.

नाताळाच्या आधीच्या तिच्या रविवारी चर्च भरलं होतं. लिंबाखाली बसणाऱ्या दोघांतला एक आत आला होता. ती त्या दिवशी मोकळी बोलली, लोक हसले, मग गप्प झाले. रोशन पहिल्या बाकावर बसला होता. उपासनेनंतर लोक तिला भेटत राहिले आणि तो एकटाच मागच्या खोलीत निघून गेला. ती आली तेव्हा तो भाकऱ्या थापत होता, जे तो कधी करत नसे, आणि त्या वाकड्या होत होत्या. तिने हात धुतले. त्याने आणखी एक भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडे बघतच म्हणाला, “आज बरं बोललीस.”

हे वाक्य किती जड जातं ते सुगंधाला माहीत होतं. तिने ते त्याला कितीतरी वर्षं असंच, दुसरीकडे बघून म्हटलं होतं. तिने त्याच्या हातातून पीठ घेतलं आणि म्हणाली, सरक, मी करते, तू बस.